वाळूत गाडी घालण्याआधी

सुकन्या रविवारी सकाळी न कळवता लातूरला आली तेव्हा रामलिंगअप्पा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. फाटकापुढे एक उंच, मातकट हिरवी गाडी थांबली आणि लेक खाली उतरायच्या आधीच अप्पांची नजर टायरांवर गेली. जुनी खोड. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. लोक समोरच्याचं तोंड बघतात, अप्पा त्याचे टायर बघायचे. हे टायर जाडजूड, खोल नक्षीचे, रस्त्यापेक्षा रानात शोभतील असे होते.

"कुणाची गं ही?"

"माझीच. जुनी घेतली. हिची चारी चाकं ओढतात, अप्पा."

"कॉलेजात शिकवायला जायला चार चाकांनी ओढायचं काय काम?"

सुकन्या नुसती हसली. नांदेडला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवणारी, चाळिशीला आलेली ही एकुलती एक लेक लहानपणापासून अशीच होती. मनात काही शिजत असलं की आधी हसायची, मग सांगायची. अप्पांनी पेपरची घडी घातली आणि वाट बघत बसले.

चहा झाल्यावर तिनं सांगितलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडहून पाच गाड्या राजस्थानला निघणार होत्या. जैसलमेरच्या पुढं जिथं डांबर संपतं तिथून आत, वाळूतल्या वाटांनी, चार दिवस. सुकन्याची ही पहिलीच खेप. एका गाडीत चालवणारे दोघं हवेतच, असा नियम होता. जावयांना बँकेतून सुट्टी मिळत नव्हती, आणि जी मैत्रीण सोबत येणार होती तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं होतं.

"म्हणून म्हटलं, घरात एवढा मोठा ड्रायव्हर असताना मी बाहेर कशाला हुडकू?"

अप्पांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला. "म्हंजी रस्ता सोडून गाडी घालायची?"

"हाव."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अगं, चौतीस वर्षं गाडी रस्त्यावर ठिवायचाच पगार खाल्ला म्या. एक डाव चाक खाली गेलं न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या बायकोचं, शांतम्माचं हसू ऐकू आलं. बारीक, नाकातल्या नाकात. अप्पांनी तिकडं मान वळवली नाही.

पण ते नाही म्हणाले नाहीत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी पहाटे साडेचारला जाग यायची ती यायचीच. पहिल्या गाडीची वेळ. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना थंड इंजिनाचा पहिला खोकला ऐकू यायचा, डिझेलचा आणि ओल्या फरशीचा मिळून होणारा डेपोचा वास यायचा, कंडक्टरनं दोनदा ओढलेल्या घंटीचा टणटण आवाज यायचा. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. कुठल्या वळणाला कुठली चिंच रस्त्यावर वाकलीय, कुठल्या फाट्यावर दुधाचे कॅन घेऊन म्हातारा उभा असतो, कुठली मास्तरीण रोज धावत येते आणि तिच्यासाठी अर्धा मिनिट थांबावं लागतं, सगळं पाठ. आता रस्ता चौपदरी झाला. चिंचा गेल्या, फाटे पुलाखाली गेले. मागच्या वर्षी अप्पा लेकीकडं नांदेडला गेले तेव्हा खिडकीतून बघत होते, तर ओळखीचं एक झाड सापडेना. आपण इतकी वर्षं दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात गाडी चालवली की काय, असं त्यांना वाटून गेलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी एक लांब वही काढली, पट्टी घेतली, उभ्या रेघा मारल्या.

"नांदेड सुटणे, सकाळी साडेपाच," ते लिहीत म्हणाले. "हिंगोली साडेसात. चहा, दहा मिंटं. वाशीम..."

"अप्पा, आपल्याला प्रवासी घ्यायचे नाहीत."

"वेळ ठरली की माणूस ठिकाणावर राहतंय. इंदूरला पहिला मुक्काम. दुसरा?"

"चितोडगड. तिसरा जोधपूर. तिथून पुढं आनंदराज सर सांगतील तसं."

आनंदराज म्हणजे या मोहिमेचा म्होरक्या. सरकारी खात्यात इंजिनिअर, पन्नाशीचा गृहस्थ, दोनदा वाळवंट करून आलेला. त्यानं सगळ्यांना एक यादी पाठवली होती, ती सुकन्या मोबाइलवरून वाचून दाखवू लागली. फावडं. ओढायचा पट्टा. चाकाखाली घालायच्या फळ्या. माणशी रोजचं पाच लिटर पाणी. हवा भरायचं छोटं यंत्र.

"ते कशाला?"

"वाळूत शिरताना टायरातली हवा निम्मी काढायची असते. बाहेर आलं की परत भरायची."

अप्पांनी पेन खाली ठेवलं. "निम्मी? कमी हवेची गाडी म्या डेपोच्या फाटकाबाहेर काढली नसती. हुज्जत घातली असती मेकॅनिकसंगं."

"टायर पसरतो, अप्पा. उंटाच्या पायासारखा. मग रुतत नाही."

हे त्यांना पटलं नाही, पण वहीत त्यांनी लिहून घेतलं. शांतम्मा भांडी घासून येऊन उंबऱ्याशी बसली होती, पदरानं हात पुसत. मधूनच ती एखादी गोष्ट विचारायची. तिथं थंडी किती असते. बायामाणसं पाणी कुठून आणतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली तर आठ दिवस पुरंल का. शेवटी तिनं विचारलं, "मागच्या शिटावर काय ठिवणार?"

"सामान, अव्वा. पाण्याचे कॅन, तंबू, फळ्या."

"बरं," शांतम्मा म्हणाली आणि उठून आत गेली.

तेव्हा ना बापाला काही कळलं, ना लेकीला.

"पण शिकायचं कुठं?" अप्पांनी विचारलं. "एकदम तिथं जाऊन वाळूत घालायची म्हंजी..."

"मांजरेत जावा की," आतून आवाज आला. "आमच्याकडं वाळूच वाळू हाय."

*

पुढच्या रविवारी तिघं निघाले. शांतम्माचं माहेर बसवंतवाडी, निलंग्याच्याही पुढं, मांजरा नदीच्या काठावर. तिथं घरात मराठी आणि चुलीपाशी कानडी बोलायची रीत. शांतम्मा मागच्या सीटवर बसली होती आणि निलंगा सुटल्यापासून तिच्या तोंडाला खंड नव्हता. अप्पा आरशातून बघत होते. एवढी बोलताना त्यांनी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात आमच्या खरबुजाच्या वाड्या असायच्या," ती सुकन्याला सांगत होती. "अप्पा माझा, म्या आन वीरभद्र. वाळू कशी, ज्वारीच्या पिठावाणी पांढरी. दुपारी अशी तापायची, की सावलीतनं सावलीत पळावं लागायचं. तहान लागली की हातभर झिरा खांदायचा. जरा दम धरला की तळाला पाणी जमा व्हायचं, गार, गोड. त्या पाण्याची चव आता नळाला न्हाई."

"आणि गाडी? बैलगाडी रुतायची नाही?"

"रुतायची की. पर बैलाला कळतंय. म्याच हाकायची गाडी. वीरभद्र लई बारका होता तवा."

वीरभद्र, तिचा धाकटा भाऊ, आता पन्नाशी ओलांडलेला, त्यांची वाट बघत वेशीत उभा होता. चहा घ्या म्हणाला, जेवूनच जा म्हणाला, आणि नदीला जायचं म्हटल्यावर गप्प झाला.

"नदीला कशाला, अक्का?"

"वाळूत गाडी शिकायचीय तुझ्या भाचीला."

त्यानं अप्पांकडं बघितलं, मग खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि पुढं चालू लागला.

काठावर आल्यावर सुकन्यानं गाडी थांबवली. खाली नदी होती, म्हणजे नदीची जागा होती. काळे खडक उघडे पडलेले. मधे पुरुष-दोन पुरुष खोल खड्डे, त्यांत हिरवं साचलेलं पाणी. चारी बाजूंनी वेडी बाभूळ माजलेली. वाळू म्हणून कुठं कुठं खडकाच्या फटीत मूठ-दोन मूठ तेवढी राहिली होती.

शांतम्मा खाली उतरली. माहेरी येणंजाणं होतं, पण नदीपर्यंत ती पंधरा वर्षांत आली नव्हती. काठाच्या टोकापर्यंत गेली आणि उभी राहिली.

"कुठं गेली रं सगळी?"

"शहराला गेली, अक्का," वीरभद्र म्हणाला. "धा-बारा वर्षं टिप्परच्या टिप्पर भरून गेली. घरं झाली, बिल्डिंगा झाल्या." तो जरा थांबला. "तुमच्या लातूरच्या घरातबी असंल थोडी."

त्यात टोमणा नव्हता. पण अप्पांना आपल्या घराच्या वरच्या दोन खोल्या आठवल्या. वाळूचा ढीग फाटकाशी पडला होता तेव्हा शांतम्मानं त्यातली मूठभर हातात घेऊन चाळली होती आणि "ही आमच्याकडची हाय" म्हणाली होती. तेव्हा ते हसले होते. वाळूला काय गाव असतं?

ते जरा बाजूला सरकले. वरच्या अंगाला पूल दिसत होता. पुलाच्या अलीकडं, जिथं आता नुसती बाभूळ होती, तिथून पूर्वी नदी ओलांडायची वाट होती. त्या वाटेचं अप्पांचंही एक जुनं प्रकरण होतं. ते त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं आणि आज सांगायचं काही कारण नव्हतं.

जाताना शांतम्मानं खडकाच्या फटीतली थोडी वाळू रुमालात बांधून घेतली. कशाला, हे कुणी विचारलं नाही. निलंगा येईपर्यंत तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

*

आनंदराजनं दुसरी जागा सुचवली. मुदखेडच्या पुढं, उमरीच्या अंगाला, गोदावरीच्या एका वळणावर वाळूचा पट्टा अजून शिल्लक होता. फार मोठा नाही, पण शिकायला पुरेसा. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दोन गाड्या नांदेडहून निघाल्या. एकीत आनंदराज एकटा, दुसरीत सुकन्या आणि तिचे आईवडील. मुदखेडला रेल्वेचं फाटक पडलं, तेवढ्या वेळात आनंदराज काचेशी येऊन अप्पांशी बोलला.

"चौतीस वर्षं विना अपघात. मॅडमनी सांगितलं. तुम्ही म्हणजे आमचे गुरुजी, अप्पा."

"छे हो," अप्पा म्हणाले, पण त्यांची पाठ सीटवर ताठ झाली.

नदीकाठी सकाळचं ऊन कोवळं होतं. पाणी पलीकडच्या काठाला सरकून वाहत होतं आणि अलीकडं वाळू पसरली होती, पिवळसर, वाऱ्यानं बारीक सुरकुत्या पडलेली. शांतम्मानं चपला काढून हातात घेतल्या आणि एका कडुनिंबाच्या सावलीला जाऊन बसली. आनंदराजनं चारी टायरांतली हवा काढली. फुस्स आवाज होत होता तोवर अप्पा दुसरीकडं बघत राहिले, कुणीतरी आपल्यासमोर चुकीचं काम करत असावं तसे.

पहिली फेरी सुकन्यानं मारली. घाबरत घाबरत गेली, एकदा गाडी डगमगली, पण वळण घेऊन परत आली आणि लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत खाली उतरली.

"आता तुम्ही, अप्पा."

अप्पा बसले. आरसा नीट केला, सीट पुढं घेतली, किल्ली फिरवली. गाडी वाळूत शिरली आणि स्टिअरिंग हाताला वेगळंच लागलं. खाली रस्ता नव्हताच. मळलेल्या कणकेत चाक फिरावं तसं काहीतरी होतं. पुढं वाळूचा छोटा उंचवटा आला. चौतीस वर्षांची सवय. उंचवटा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. गाडी थांबली. त्यांनी अ‍ॅक्सिलेटर दिला. चाकं फिरली, गाडी हलली नाही. त्यांनी आणखी दिला.

"अप्पा, नको! सोडा, सोडा!" आनंदराज दोन्ही हात हलवत ओरडत होता.

पण अप्पांना आता काही ऐकू येत नव्हतं. कानशिलं तापली होती. चाकांमागून वाळूचे फवारे उडत होते, क्लचचा जळका वास येत होता, आणि गाडी एखादी म्हैस चिखलात बसावी तशी निवांत खाली खाली बसत होती. पोट वाळूला टेकलं तेव्हा ते थांबले.

आनंदराज फावडं आणायला धावला. मग सावलीतून शांतम्मा उठली. चपला हातात, पदर खोचलेला, अनवाणी वाळू तुडवत ती सरळ गाडीशी आली. तिनं वाकून चाकं बघितली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तवाबी असंच केलाव तुम्ही."

"तू गप गं," अप्पा म्हणाले.

"कवा?" सुकन्यानं विचारलं. "अव्वा, कवा?"

"इचार तुझ्या अप्पांना. चाक एक डाव खाली गेलं न्हाई म्हणतेत."

अप्पांनी खिडकीतून बाहेर, नदीच्या पाण्याकडं बघितलं. मग दार उघडून खाली उतरले. खोटं बोलायला आता जागाच नव्हती, आणि खरं म्हणजे इतक्या वर्षांनी ती गोष्ट पोटात ठेवायचा त्यांना कंटाळा आला होता.

"एक्याऐंशी साल," ते म्हणाले. "नोकरीला लागून सात म्हैने झालते. निलंग्याहून नदीपल्याडच्या गावाला जाणारी मुक्कामी गाडी. मांजरेवर तवा पूल न्हवता. उन्हाळ्यात पात्रात मुरुमाची वाट टाकायचे, तिच्यावरनं गाडी पलीकडं जायची. त्या दिशी वाटंवर खरबुजाच्या गाड्या लागल्या होत्या. म्या हॉर्न वाजवला, कुणी हलंना. रग होती अंगात. घातली वाट सोडून वाळूत."

"आन रुतली," शांतम्मा म्हणाली. "पन्नास माणूस आत. एक नवरी बी होती, वऱ्हाडासगट. म्या आमच्या गाडीवरनं वरडले, आधी माणसं उतरवा, मग मागं घ्या. तर मला काय म्हणाले ठाव हाय का? ए पोरी, तू तुझी बैलं बघ."

"म्या 'बाई' म्हणलो होतो."

"पोरी म्हणलाव."

आनंदराज फावडं हातात घेऊन तसाच उभा होता, हसावं की नाही या विचारात. सुकन्या मात्र हसत नव्हती. ती टक लावून दोघांकडं बघत होती.

अप्पांनी पुढचं सांगितलं. गाडी एक्सलपर्यंत बसली. शेवटी त्या पोरीच्या बापानं तीन जोड्या बैल जुंपले. तुरीच्या काड्या चाकांखाली घातल्या, झिऱ्याचं पाणी आणून वाळूवर शिंपडलं. पोरगी बैलांच्या पुढं उलटी चालत होती आणि त्यांच्या तोंडाशी हात नेऊन "निधान, निधान" म्हणत होती. म्हणजे हळू, दमानं. मुक्कामाला पोचायला दोन तास उशीर झाला. अप्पांनी डेपोत टायर पंक्चर सांगितलं.

"पुढच्या आठवड्यात परत तीच गाडी आली माझ्या वाट्याला. म्या तिथं थांबवली, म्हणलं उपकार केले तुम्ही, दोन खरबुजं द्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत दोन. लोक गाडीत बसून शिव्या घालायचे."

"घरात कुणी खाईना एवढी खरबुजं," शांतम्मा म्हणाली.

"पण मला तर सांगितलं होतं, औशाच्या मावशींनी स्थळ आणलं."

"ते नंतर," अप्पा म्हणाले. "आधी वाळूनं आणलं."

शांतम्मानं पदर पुन्हा घट्ट खोचला. "बरं, आता ही काढायची का बोलत बसायचं? ते हातातलं फिरवायचं चाक आधी सरळ करा. चाकामागची वाळू ओढा, पुढची न्हाई. ज्या वाटंनं आली त्याच वाटंनं जाऊ द्या, ती दाबलेली हाय."

आनंदराज म्हणाला, "काकू, अगदी बरोबर," आणि गुडघ्यावर बसला. तिघांनी वाळू उपसली. फळ्या मागच्या चाकांखाली सरकवल्या. शांतम्मानं नदीतून कॅन भरून आणायला सांगितला आणि पाणी चाकांच्या मागं शिंपडलं. मग ती गाडीच्या मागं दहा पावलांवर जाऊन, बाजूला सरून उभी राहिली.

अप्पा पुन्हा बसले. आरशात त्यांना ती दिसत होती. पांढरे केस, हातात चपला. तिचा उजवा हात उचललेला, बोटं हळूहळू मिटत उघडत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. तो शब्द ऐकू येत नव्हता, पण ऐकायची गरज नव्हती. त्यांनी क्लच सोडला, जेमतेम. गाडीनं एक हिसका दिला, मग मागं सरकली, फळीवर चढली आणि जुन्या चाकोरीतून अलगद बाहेर आली.

त्या दिवशी अप्पांनी आणखी चार फेऱ्या मारल्या. उंचवट्यावर पाय ब्रेककडं जायचा आणि ते स्वतःशीच "निधान" म्हणून तो मागं घ्यायचे. चौथ्या फेरीला गाडी उंचवट्यावरून होडीसारखी उतरली आणि त्यांना पोटात गुदगुल्या झाल्या. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला असं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

*

जेवायला सगळे कडुनिंबाखाली बसले. कडक भाकरी, चटणी, दही. सुकन्या भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अव्वा, तूपण चल ना."

अप्पांच्या तोंडून लगेच निघालं, "तिला कुठं न्यायची? तंबूत झोपायचं, थंडी, तिची शुगर..."

शांतम्मानं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"चौतीस वर्षं तुम्ही गाडी चालवलाव. किती माणूस बसलं आसंल त्यात? म्या किती डाव बसले, सांगा."

अप्पांनी घास तसाच धरला. एकदा लग्नानंतर, निलंग्याला. एकदा सुकन्याच्या बारशाला. एकदा सासरे गेले तेव्हा. चौथी वेळ त्यांना आठवेना. लोक काय म्हणतील, कंडक्टर चेष्टा करतील, म्हणून ते तिला मागच्या गाडीनं यायला सांगायचे. आणि ती यायची, पोरीला कडेवर घेऊन, उभ्यानं, दुसऱ्याच कुणाच्या गाडीत. त्यांना हे कधी वाईट वाटलं नव्हतं. आज ते सगळं एकदम समोर आलं. गच्च भरलेली गाडी, पहिल्या सीटवर रोज कुणी ना कुणी बसलेलं, आणि त्यात ती कुठंच नाही.

"तुला यायचं होतं तर बोलायचं," ते म्हणाले.

"तवा बोलले होते. तुम्ही हसलाव."

आनंदराज उठून पाणी आणायला गेला. सुकन्या भाकरीचे तुकडे करत राहिली. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी खिशातली घडी घातलेली यादी काढली, पेन मागून घेतलं, आणि माणशी पाच लिटर पाण्याच्या ओळीत दोनाचे तीन केले. खाली लिहिलं, "लोकरी मोजे. शुगरच्या गोळ्या, वीस दिवसांच्या." थोडं थांबून आणखी लिहिलं, "तंबू मोठा."

शांतम्मानं डोकावून बघितलं. "आन मागच्या शिटावरचं सामान?"

"त्याच्याजवळ म्या बसतो," अप्पा म्हणाले.

*

सव्वीस डिसेंबरला पहाटे नांदेडमध्ये धुकं होतं. पाच गाड्या रांगेत लागल्या. आनंदराजनं सगळ्यांची यादी तपासली, टायर बघितले. अप्पांनी त्याच्यामागून जाऊन पुन्हा एकदा बघितले. साडेपाचला निघायचं होतं, पावणेसहा झाले. अप्पांनी घड्याळाकडं बघितलं आणि बाही त्यावर ओढून घेतली. स्टिअरिंगवर सुकन्या. तिच्या शेजारी शांतम्मा, अंगात नवं स्वेटर, मांडीवर भाकरीचा डबा. अप्पा मागं, एका बाजूला तंबूची गुंडाळी, दुसऱ्या बाजूला फळ्या. गाडी वळली की फळीचं टोक बरगडीला लागायचं. आपल्याच घरच्या गाडीत मागं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता. दोघींची डोकी दिसत होती, जवळ आलेली, काहीतरी कुजबुजणारी.

शहर मागं पडलं. "हे कुठलं आलं?" शांतम्मानं विचारलं.

"अर्धापूर," अप्पा मागून म्हणाले. "हिंगोलीची गाडी दोन वर्षं होती माझ्याकडं. इथं केळीचे घड टपावर चढायचे. हमाल वर, म्या खाली. एक डाव एक घड माझ्या डोस्क्यावर आला."

"आन हे?"

"वारंगा फाटा. चहा चांगला. आता न्हाई ते हॉटेल."

कळमनुरी आली. तिथल्या एका पेटीमास्तराची गोष्ट त्यांनी सांगितली. तो दर गुरुवारी पेटी मांडीवर घेऊन बसायचा आणि गाडी हलली की हळूच वाजवायचा, आणि कुणी तक्रार करायचं नाही. शांतम्मा मान वळवून ऐकत होती. ही गोष्ट तिनं पूर्वी ऐकली नव्हती. अप्पांना नवल वाटलं. घरी येऊन आपण नेमकं काय बोलायचो?

हिंगोलीला चहा झाला, दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. पुन्हा गाडी निघाली. सूर्य वर आला होता, पण धुकं अजून शेतांवर बसलेलं होतं. हरभऱ्याचं हिरवं रान, मधे एखादी विहीर, मग रस्त्याला लागून एक छोटं गाव. शाळेची पोरं स्वेटरच्या बाह्या लांब ओढून घोळका करून उभी होती, बसची वाट बघत.

"आन हे कुठलं?" शांतम्मानं विचारलं.

अप्पांनी बाहेर बघितलं. देऊळ, पाण्याची टाकी, पिंपळाचा पार. ओळखीचं काहीच नव्हतं. त्यांची गाडी हिंगोलीला वळून माघारी फिरायची.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

शांतम्मा जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग लेकीच्या हाताला हात लावून म्हणाली, "हळू घे गं जरा. पाटी वाचू दे त्यान्ला."

सुकन्यानं वेग कमी केला. अप्पांनी मफलरच्या टोकानं काचेवरचा दमटपणा पुसला आणि कपाळ काचेला टेकवून पाटी यायची वाट बघू लागले.